रंगाखालचा बिघाड

पेणला रामवाडीत माझं छोटं गॅरेज आहे. जुन्या पोकलेनची इलेक्ट्रिकची कामं मी करतो. नव्या मशीनला कंपनीचा माणूस येतो, दोन-तीन मालक बदललेल्या मशीनला मी. पोकलेनच्या केबिनमध्ये एक छोटा मॉनिटर असतो. काही बिघडलं की त्यावर नंबर येतो, त्याला आम्ही कोड म्हणतो. लोकांना वाटतं, नंबर आला म्हणजे आजार कळला. पण कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. का दुखतंय ते आपणच शोधायचं.

कोलाडहून रोह्याकडे निघालं की कुंडलिकेच्या अंगाला एक गाव लागतं. तिथल्या एका शेतकऱ्याने जुना पोकलेन घेतला होता. विकणाऱ्याने त्याला ताजा पिवळा रंग मारून दिलेला, लांबून कोराच वाटायचा. शेततळी, चर, घरांचे पाये, अशी कामं त्या काकांना बरी मिळत. पण गुडघ्यांमुळे त्यांना केबिनमध्ये चढवेना, म्हणून त्यांनी मुलीला शिकवलं, आणि ती त्यांच्याहून सफाईने चालवू लागली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खालून ओरडून विचारलं, ऑपरेटर कुठाय?

“मीच,” ती म्हणाली. “चपला काढून चढा. केबिन आत्ताच पुसलीय.”

मी चपला काढल्या. मॉनिटरवर एक्सलेटरच्या सेन्सरचा कोड होता. काम चालू असताना इंजिन अचानक मंद व्हायचं. मी सेन्सर बदलला, कोड गेला, मी पेणला आलो. चार दिवसांनी तिचा फोन आला. आता कोड दुसराच, तेलाच्या प्रेशरचा. तो घालवला तर पुढच्या आठवड्यात तिसरा. एकदा सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर सापडली आणि मला वाटलं, सापडला चोर. मी खुशीत त्यांच्याकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाल्ली. पेणला पोचायच्या आत फोन वाजला.

हळूहळू त्या घरात माझ्या येण्याजाण्याचा रिवाजच पडला. काकी मला बघितलं की आधी हातपाय धुवायला पाणी द्यायच्या आणि मग मुलीला हाक मारायच्या, “अगो, आला बघ तुझा कोडवाला.” मी दुसरी कामं बाजूला ठेवून रोह्याला धावतो, हे माझ्याही लक्षात यायला लागलं होतं. ऑइलचे डाग पडणार हे माहीत असून मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो. ती केबिनमधून बघायची.

गावाच्या मात्र सगळं लक्षात आलं होतं. एके दिवशी काकांनी मला बांधावर शेजारी बसवलं. “खरं सांग,” ते म्हणाले, “मशीन आपलं आपण बिघडतंय, का तू येण्याची सोय करून ठेवतोस?”

मी अडचणीत आलो. सोय करतो म्हणालो तर लबाड ठरलो असतो. नाही म्हणावं तर माझं कामच मला येत नाही असं झालं असतं. शेवटी मी खरं तेच सांगितलं, की काका, मला बिघाड सापडतच नाही.

काकांनी नदीकडे बघितलं. मग म्हणाले, “मग तर वाईटच हाय.”

ते मला फार लागलं. दुसऱ्या सकाळी मी तिला म्हटलं, आज काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. कोड कधी येतो, तेव्हा काय काय चालू असतं? ती विचार करून म्हणाली, उन्हं चढली की. मला वाटलं, उन्हामुळे नव्हे, तेव्हा ती एसी लावते म्हणून असेल.

मग ती केबिनमध्ये बसून एकेक बटण चालू करत गेली. मी खाली मीटर लावून उभा राहिलो, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं केबिनच्या बॉडीला. तिथे जवळजवळ शून्यच दिसायला हवं. लाइट लावल्यावर आकडा थोडा हलला. वायपर लावला, अजून हलला. एसी लावला आणि आकडा उडीच मारून वर गेला. म्हणजे वीज केबिनपर्यंत नीट येत होती, पण परत जायची तिची वाट अडली होती. म्हणूनच रोज वेगळा सेन्सर बोंबलत होता आणि मी बिचाऱ्या सेन्सरांनाच बदलत बसलो होतो.

केबिनच्या मागे अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी जाड पट्टी होती. बोल्ट खोलून ती उचलली तर खाली पिवळाधमक रंग. मशीन रंगवणाऱ्याने पट्टी काढून सगळं छान रंगवलं होतं आणि ओल्या रंगावरच ती परत कसली होती, त्यामुळे ती लोखंडाला नीट टेकतच नव्हती. मी पॉलिश पेपर काढला. तिने त्याचा अर्धा तुकडा मागून घेतला आणि आम्ही दोघांनी लोखंड चकचकीत होईपर्यंत ती जागा घासली. तिच्या नाकालाही पिवळं लागलं होतं. मी ते सांगितलं नाही, कारण ते बरं दिसत होतं.

पट्टी कसल्यावर तिने एसी, लाइट, वायपर सगळं एकदम लावलं आणि जोरात खोदायला घेतलं. मॉनिटर कोराच राहिला. आनंदाने तिने इतका लांब हॉर्न दिला की काकी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

परतताना नागोठण्याच्या आसपास माझ्या ध्यानात आलं, की आता रोह्याला जायचं कारणच उरलं नाही. पुढचे दिवस मी फोन उलटा-सुलटा करून बघत काढले. बिघाड इतका पक्का दुरुस्त झाल्याचं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

शेवटी एका दुपारी मी नुसताच गेलो. काका अंगणात बसले होते. त्यांनी विचारलं, कोणी बोलावलं? मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय, तिला अजून विचारलेलं नाही.

“मग तिला विचार,” काका म्हणाले. “मशीन ती चालवते, मी नाय.”

ती नाल्याकडेला चर खणत होती. मला बघून तिने इंजिन बंद केलं. मी विचारलं. तिने पोकलेनच्या बकेटकडे बघत ऐकलं आणि म्हणाली, “लग्नानंतर मला घरी बसवाल?”

“नाय.”

“पेणला काम मिळेल?”

मी म्हटलं, सगळीकडे बांधकामं चाललीत, खोदणारी माणसं कमी पडतात.

“मग व्हय,” ती म्हणाली. “एवढा चर पुरा करते, मग दोघं घरी जाऊ.” तिने इंजिन चालू केलं आणि मी बांधावर बसून चर पुरा होताना बघितला. इतका सरळ चर मी आजवर बघितलेला नाही.

घरी काकींनी ताट वाढलं, पण लाजेने मला दोन घासही गेले नाहीत. परतताना कोलाडला हॉटेलात मी दोन प्लेट वडा-उसळ खाल्ली. हॉटेलवाल्याने हसत विचारलं, उपास सोडताय का? मी म्हटलं, लग्न ठरलं. त्याने न विचारता तिसरी प्लेट समोर ठेवली, आणि मी तीही संपवली.