पाणी चावणारी मुलगी

“माझं पण,” असं ती म्हणाली की समजायचं, आता नुकसान होणार. कुणाचं सरबत सांडलं, की ही म्हणणार, “माझं पण,” आणि स्वतःचा पेला शांतपणे आडवा करणार. अशी पोरं तुम्हीही पाहिली असतील. माझ्या सतरंजीने मात्र तोवर पाहिली नव्हती.

कोलकात्यात डमडमला माझ्या घरी दर रविवारी मराठी मुलं मराठी शिकायला येतात. ही पोरगी साताऱ्याहून आलेली, मराठी एकदम खणखणीत. शेजारी बसायचा अंशू. तो जन्मला इथेच, दिवसभर बंगाली बोलणारा.

एकदा त्याने विचारलं, “काकू, पाणी खाऊ?” आता बंगालीत पाणी खातातच, त्यात पोराचं काय चुकलं? पण पुण्याहून नुकताच आलेला ओजस खदखदून हसला. “नीट चावून खा रे,” म्हणाला. सगळा वर्ग हसला. अंशूचं नाव ‘पाणीखाऊ’ पडलं आणि त्याने तोंड उघडणंच बंद केलं. मी रागावले, समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी त्याला सोडायला आलेली त्याची आई दारातच म्हणाली, “आजचा शेवटचा दिवस, काकू. मराठी नकोच म्हणतो.” फार वाईट वाटलं मला. एकदा सुटलेली भाषा पुन्हा कुठली धरतोय तो?

हे त्या साताऱ्याच्या पोरीनेही ऐकलं. उठली, पेला भरला. “काकू, मी पण पाणी खाते हं.” घोट घेतला आणि चक्क चावायला लागली. बराच वेळ चावून म्हणाली, “जरा कच्चं राहिलंय.”

“वेडी आहेस का?” ओजस म्हणाला.

“तू खाऊन बघ.”

मग काय, सगळी कार्टी पाणी चावत बसली. कुणाला मीठ कमी लागलं, कुणाच्या दातात अडकलं. ओजसही चावत होता. तेवढ्यात अंशू खाली मान घालून पुटपुटला, “आधी सोलायचं असतं.” त्यावर ओजसच्या नाकातून पाणी आलं. पुढच्या रविवारी अंशू सगळ्यांच्या आधी हजर.

मी तिला नंतर विचारलं, “हे कसं गं सुचलं तुला?”

“त्याला हसतात ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं,” ती म्हणाली. एवढंच.

वर्षभराने तिच्या बाबांची चेन्नईला बदली झाली. त्या रविवारी सतरंजीवर तिची जागा रिकामी होती. अंशू तिकडे बघत म्हणाला, “काकू, ती गेला.”

ओजसने तोंड उघडलं. मी डोळे वटारणार, तोच तो हळू आवाजात म्हणाला, “हो रे. गेला.”