साबणाची वडी

बॉयलर चालवणारे काका सकाळी गिरणीत आले की खिशातून साबणाची वडी काढायचे आणि बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या नळावर हात धुवायचे. फेस आला की म्हणायचे, "हाव, पेटवा आता!"

आमची सरकीची तेलगिरणी सोनाळ्याजवळ. बोअरचं पाणी असं खारं, जड की चहा नासावा. मिठावर चालणाऱ्या यंत्रातून त्यातला चुना काढून ते मऊ करूनच बॉयलरला द्यावं लागे. मी नवा स्टोअरकीपर, जरा जास्तच शहाणा. म्हटलं, "काका, पाणी मऊ झालं का ते तपासायची बाटली असते की!"

"बाटली तुमची, हात माहे," काका म्हणाले.

मग त्यांनी बॉयलरची कापलेली जुनी नळी दाखवली. आत जाड पांढरी खपली. "हे धरली की पाणी नळीले भिडत नाई. बिचारी जळते अन् तडकते. समोर मानूस असला त गेलाच." मी हसायचं बंद केलं.

आणि तोच मी मीठ मागवायचं विसरलो! काकांनी दोनदा बजावलं होतं, पण बहिणीच्या लग्नाच्या धांदलीत राहून गेलं. त्या सकाळी फेस आला नाही. काकांनी हात पुसले आणि स्टुलावर बसून राहिले.

मालक तणतणत आले. "काऊन बंद हाय?"

"मीठ सरलं. पानी जड हाय."

"एका दिवसानं काय होते?"

"नाई होत बहुतेक. पन मी नाई पेटवत."

"मंग उद्यापासून येऊ नका! मीठ काऊन नाई मांगोलं?"

मालक माझ्याकडे वळले होते. काका शांतपणे म्हणाले, "मीच सांगाले विसरलो."

ते डबा घेऊन फाटकापर्यंत गेले, तरी माझं तोंड उघडेना. लाज वाटते सांगायला. शेवटी पळत जाऊन मालकांना खरं काय ते सांगितलं. यथेच्छ शिव्या खाल्ल्या आणि काकांना फाटकातून परत आणलं. दुपारी संग्रामपूरहून मिठाची पोती आली, तेव्हा वाफ धरली.

"काका, खोटं काऊन बोललात?"

"तुमची नौकरी नवी. मले काढून मालक जाते कुठं? बॉयलरचा दुसरा सर्टिफिकेटवाला भेटते का इथं!"

पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखालची एकही नळी तडकली नाही.

यंदा काका गेले. निरोप आला तेव्हा मी गिरणीतच होतो. नव्या ऑपरेटरनं बाटलीत पाणी तपासून बॉयलर पेटवलाही होता. तरी काम सोडताना काकांनी नळाजवळच्या कोनाड्यात ठेवलेली झिजलेली वडी मी घेतली आणि हात धुतले. फेस भरपूर आला. आता तो कुणाला दाखवायचा, ते कळेना.