चिमटीचा दिवा

माझी धाकटी बहीण बिघडलेला टीव्ही नुसता पालथा केला तरी सांगते, याचं काय गेलंय ते. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, बाजारात कुणालाही विचारा. सगळे तिला चिमटी म्हणतात. एक तर अंगाने बारीक, आणि बावीस वर्षं तिच्या हातातून चिमटा सुटलेला नाही. ती बारावी झाली, मी नववीत सोडलं आणि बेकरीच्या भट्टीवर लागलो. आमच्या घरात डोकं तिच्याकडे गेलं, ताकद माझ्याकडे आली. पण ते डोकं ओळखलं मी, हे आईसुद्धा कबूल करते.

ती ज्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे ते म्हणजे जिन्याखालची खोली. आत सोल्डरिंग चालतं. तापलेल्या टोकाने कथील वितळवायचं आणि सुटलेली तार जागेवर चिकटवायची. त्याचा धूर निघतो. काम बारीक म्हणून तोंड जवळ न्यावं लागतं, आणि पंखा लावला तर टोक थंड होतं म्हणून मालक पंखा लावू देत नाही. दोन वर्षं झाली, ती खोकतेय. डॉक्टर म्हणाले, हा धूर सोडा. ही म्हणाली, सोडते, पण मग खायचं काय तेही त्याच कागदावर लिहून द्या.

संध्याकाळी घरी आली की उंबऱ्यावर बसायची. पायातल्या चपलाही काढायची नाही. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. आई आतून बघायची, मी आतून बघायचो.

आमच्या खोलीला एकच खिडकी. तिथे तिने दोन डब्यांत मिरची लावली होती आणि मिरच्या अशा धरायच्या की पान दिसायचं नाही. आमच्या बेकरीत एक नर्सरीवाला रोज ब्रेड न्यायला येतो. त्याला एकदा मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या हाताला झाड नाही म्हणत नाही. त्याच्याकडे बियांपासून रोपं करणारी म्हातारी लेकीकडे राहायला गेली होती. तो म्हणाला, मिरचीची शंभर रोपं करून आणायला सांग. जमली तर दर महिन्याला तिच्याकडूनच घेईन.

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा ती उंबऱ्यावरून उठली, चपला काढल्या आणि आत येऊन बसली. म्हणाली, "दादा, खरं सांगतोयस की बेकरीतल्या गप्पा सांगतोयस?"

मी म्हटलं, खरं.

आता नशीब बघा. बी पेरलं त्याच आठवड्यात शेजारी गोदामाची भिंत उभी राहिली, खिडकीपासून हातभर अंतरावर. उजेड म्हणून काही उरलाच नाही. रोपं उगवली ती पांढुरकी आणि लांबच लांब, उभी राहायची ताकद नाही. नर्सरीवाल्याने बेकरीत ती बोटाने उचलून बघितली आणि मला विचारलं, ही लावायची आहेत की दोरा म्हणून शिवायला घेऊ? माझी मान खाली गेली, तीही चार गिऱ्हाइकांसमोर. तरी माणूस भला. आणखी सहा आठवडे देतो, म्हणाला, त्यानंतर दुसरं कुणीतरी बघतो.

मग चिमटीने पुन्हा शंभर बिया पेरल्या आणि दिवा करायला घेतला. दिवसभर दुकानात तेच काम आणि घरी येऊन परत तेच. मी भंगारवाल्याकडून काचा फुटलेले तीन टीव्ही डोक्यावरून आणले, त्यासाठी तीन खेपा केल्या. टीव्हीच्या काचेमागे लांब पट्ट्या असतात आणि पट्टीवर मण्यांसारखे बारीक दिवे. काच फुटली तरी ते शाबूत असतात. तिने एकेक मणी मीटर लावून तपासला. मेलेले काढले, त्यांच्या जागी तारेचा तुकडा जोडला. त्याच टीव्हीतला वीज देणारा बोर्ड माझ्या बेकरीच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. डब्याला भोकं मी पाडली. हवा खेळायला हवी होती.

या पट्ट्या तापतात, म्हणून त्या जाड ॲल्युमिनियमवर बसवाव्या लागतात. ते कुठून आणायचं? तिने आमच्या खिडकीची सरकती झडप उतरवली आणि तिची चौकट स्क्रू काढून सोडवली. मोकळ्या जागेत फळी ठोकली. मी म्हटलं, अगं, घराला खिडकी नको?

"त्या खिडकीतून आता वीट दिसते, दादा. मग तिने निदान कामाला यावं."

दिवा पेटला तेव्हा खोलीतला कोपरान् कोपरा पांढरा झाला. भिंतीवरचे पोपडेसुद्धा मोजता येत होते. आई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, ऑपरेशनला आणून बसवलंत काय मला? पण मी सांगतो, असा दिवा विकत आणायचा म्हटला तर कुठे मिळतो तेही मला माहीत नाही. आणि हा भंगारातून, जेवणाच्या टेबलावर झाला.

तो किती उंचीवर टांगायचा, एवढंच ठरवायचं होतं. जवळ हवा, म्हणजे रोपं दांडगी होतात, पण भाजायला नको. तिने दिव्याखाली तळहात धरला. शंभर मोजले. काही नाही. मग मला म्हणाली, तू धर. मी धरला. मलाही काही नाही. हाताला सोसतं ते पानाला सोसेल, असं आम्ही ठरवलं आणि पानांपासून चार बोटांवर दिवा बांधून टाकला.

पहिले काही दिवस रोपं झकास. मी बेकरीत सांगूनही टाकलं. मग पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. तिला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. मग वाटलं पाणी जास्त झालं, मग माती बदलली. दुकानातून यायची, चपलांसकट रोपांसमोर बसायची आणि एकेक मेलेलं काढून बाजूला ठेवायची. खोकला वाढला होता. एकदा मला म्हणाली, दादा, नाही जमलं तर दुकान आहेच. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी उठून मेलेली रोपं बाहेर टाकून आलो.

आईने हे सगळं खुर्चीतून बघितलं होतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, हाताची साल कागदासारखी. एका सकाळी ती भिंतीला धरून दिव्यापाशी गेली आणि मनगटाची आतली बाजू खाली धरली. लगेच ओढून घेतली.

"इथे बाई चटका बसतोय," म्हणाली. "तुम्ही कुठल्या हाताने बघितलंत?"

चिमटीने तळहात दाखवला. मी माझा दाखवला.

आई म्हणाली, "तुम्हाला बाटलीने दूध पाजायची तेव्हा मी थेंब मनगटावर टाकून बघायची. तळहातावर नाही. आणि हे तुमचे हात! हिने तापलेलं कथील चिवडलं, तू भट्टीतले ट्रे उचललेस. ते मेलेत केव्हाच."

मी तीस वर्षं फडक्याशिवाय ट्रे उचलतो, आणि ते चार माणसांत सांगतोही. चिमटी आधी हसली. मग त्याच तळहातांत तोंड घालून बसली.

दिवा आम्ही वर घेतला, आई पुरे म्हणेपर्यंत. त्या दिवसापासून रोज सकाळी आईचं मनगट खाली जायचं आणि ती मान हलवायची, मगच चिमटी कामावर जायची. शंभरातली अठ्ठावन्न वाचली. पण ती अठ्ठावन्न अशी, की बुंध्याला पेन्सिल टेकवली तरी हलू नये.

ठरलेल्या दिवशी मी नर्सरीवाल्याला घरी घेऊन आलो. म्हटलं, इथेच ये आणि बघ. चिमटीने काही लपवलं नाही. म्हणाली, "शंभर म्हणाला होतात, अठ्ठावन्न आहेत. बाकीची माझ्याच हातांनी भाजली."

त्याचं लक्ष रोपांवर नव्हतंच. तो दिव्याखाली वाकून बघत होता. कशाचा आहे, विचारलं. आता मी गप्प राहणारा माणूस नाही. टीव्हीपासून खिडकीपर्यंत सगळी कथा ऐकवली. तो म्हणाला, असे चार दिवे मला करून द्या, माझ्या मागच्या शेडमध्ये अंधार असतो. मी म्हटलं, चार काय, दहा करेल ती.

चिमटीने हातातला ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसली. खोकली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय बोललो ते.

ती त्याला म्हणाली, "रोपं देईन. दिवे करणार नाही. त्या धुरातून सुटायचं म्हणून तर ही रोपं केली."

तो म्हणाला, ताई, रोपं काय, कुणीही करतं. दिवे असतील तर रोपंही तुमच्याकडूनच घेतो, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. खोली एवढीशी, तो दारात उभा, आई खुर्चीत, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "दिवे मी करतो."

"तू?" चिमटी म्हणाली. "रिमोटमध्ये सेल उलटे घालतोस तू."

"तू सांग, मी करतो. माझे हात तर मेलेलेच आहेत."

नर्सरीवाला हसला. एक पेटता दिवा आणा, मग पुढचं बोलू, म्हणाला, आणि जाताना अठ्ठावन्न रोपं घेऊन गेला.

आता भट्टीवरून आलो की मी टेबलाशी बसतो. नाकाला ओलं फडकं, दार उघडं, पंखा चालू. पंख्यामुळे टोक थंड होतं, मग पुन्हा तापवायचं, त्यात वेळ जातो. चिमटी उंबऱ्याच्या पलीकडे बसते, बियांचा ट्रे मांडीवर घेऊन. बाहेरूनच सांगते, लाल तार डावीकडे, नाही, तुझ्या डावीकडे. माझे जोड बघून म्हणाली, यावर कावळे बसून गेले की काय? पहिला दिवा एकोणिसाव्या दिवशी पेटला. दोन पट्ट्या अंधारातच राहिल्या, पण बाकीच्या लागल्या. नर्सरीवाल्याने तो नेला आणि पुढच्या महिन्याची शंभर रोपं सांगितली. चिमटी अजून दुकानात जाते, पण दुपारपर्यंतच. दुसरा दिवा टेबलावर आहे.

परवा जोड देताना मला ठसका लागला. बाहेरून आवाज आला, "दादा, पंखा चालू आहे ना?" टोक थंड पडतं म्हणून मी जरा वेळ बंद केला होता. म्हटलं, पीठ गेलं असेल घशात, भट्टीवाल्याच्या छातीला काही होत नसतं.

तिने मांडीवरचा ट्रे बाजूला ठेवला, आत आली, पंख्याचं बटण दाबलं आणि परत जाऊन उंबऱ्यापलीकडे बसली.