चेन्नईला कोण कोण जातंय?

कंपनीची बस रोज झाडली तरी सीटखालून शेंगांची टरफलं निघतातच. किस्स्यांचंही तसंच आहे. फुलंब्री ते शेंद्रा मी कित्येक वर्षं ही बस चालवली आणि मान न वळवता सगळं ऐकलं.

एकदा कंपनीनं सांगितलं, तुमचं खातं चेन्नईला हलणार. जो जाईल त्याला बढती, जो राहील त्याला इथंच पॅकिंगमध्ये घालणार. एरवी चौका गाव यायच्या आत सगळी बस घोरायची. त्या दिवसापासून कोणाचा डोळाच लागेना.

*

शिंदे वेल्डर तयारीचा माणूस. म्हणाला, आधी घरी सराव करून बघू. भाकरी बंद केली आणि दोन्ही वेळा इडली-सांबार सुरू. थोड्याच दिवसांत सराव बंद झाला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "आमचा म्हातारा घर सोडून बहिणीकडं गेला, सिल्लोडला."

*

कुलकर्णी साहेब हर्सूलला चढायचे. त्यांनी लोकांना समजावलं, चेन्नईला समुद्र आहे, बघूनच मन मोकळं होतं.

मागून आवाज आला, "साहेब, माझ्या साडूच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय. एवढं पाणी दिसलं तर त्याची बायको हंडे घिऊन पळंल."

साहेब शेंद्रा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

*

राठोडनं घरी विचारलं. सगळे म्हणाले, तुम्हीच ठरवा.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असं म्हणले," राठोड सांगत होता. "तवाच ओळखलं, मला एकट्यालाच धाडायचं ठरलंय."

*

भानुदासचं मात्र अवघड होतं. तो माझ्याशेजारी इंजिनच्या झाकणावर बसायचा. सुपरवायझर व्हायची त्याची फार इच्छा, आणि ते पद चेन्नईलाच मिळणार होतं. रोज विचारायचा, "मामा, जाऊ का राहू?" मी म्हणायचो, बघ बाबा. राहा म्हणावंसं वाटायचं, पण त्याची बढती अडवायचा मला काय हक्क?

शेवटी त्यानं होकार कळवला.

आमच्या बसची रीत अशी, की जाणाऱ्याला निरोप परतीच्या वाटेवर, चालत्या गाडीतच द्यायचा. शाल, नारळ आणि प्रत्येकाचे दोन शब्द. जन्मभर भानुदासला शिव्या घालणारा शिंदेसुद्धा म्हणाला, "भान्या म्हंजी माझा सख्खा भाऊ." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मी गाडी चालवतोय.

भानुदासच्या गावचा फाटा आला आणि गेला. मागून सगळे ओरडायला लागले. गाडी थेट फुलंब्रीच्या स्टँडवर जाऊन थांबली.

भानुदास अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन खाली उतरला.

"मामा, काय झालं?"

"ब्रेक लागंनात," मी म्हणालो.

तो बराच वेळ चाकांकडं बघत उभा राहिला. मग फाट्याकडं चालत निघाला.

सोमवारी सकाळी फाट्यावर भानुदास उभा, हातात जेवणाचा डबा. मी गाडी थांबवली. तो चढला आणि झाकणावर बसला. म्हणाला, काल कुलकर्णी साहेबांच्या घरी जाऊन सांगून आलो, मला पॅकिंगमधीच घाला.

 मागून शिंदेनं विचारलं, "अन् आमची शाल?"

"बायको देत नाय आता."

मग तो माझ्याकडं वळला.

"मामा, आज ब्रेक लागले व्हय?"