दुपारचा बार

बंदुकीचा आवाज कमी कसा करावा, या अभ्यासात मी आयुष्यातले काही आठवडे घालवले आहेत. मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारा साधा मास्तर. शिकारीचा नाद नाही, कुणाशी वैर नाही. माझी माय अंथरुणाला खिळली होती आणि तिला दुपारची शांतता मिळावी, एवढीच माझी धडपड होती. ती शांतता मी तिला शेवटी मिळवून दिली, आणि ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

बंदूक बाबांची. फौजेतून घरी आल्यावर त्यांनी पिकाच्या राखणीसाठी लायसन काढलं आणि पॉइंट टू-टूची रायफल घेतली. गावात सगळे तिला नुसतं 'बावीस' म्हणत. ज्यांच्याकडे बारा बोअर होती ते पारावर बसून चिडवत, "हवालदार, तुमच्या बावीसनं डुक्कर मरत नाही, हासते." बाबांना डुक्कर मारायचंच नव्हतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मातीच्या ढिगात एक गोळी घालायची, आवाजानं कळप पांगला की झालं. दाणकन असा तो आवाज नव्हता, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा कडक आणि छोटा होता. पण आमचं घर गावाच्या टोकाला, मध्ये फक्त नाला, आणि पलीकडे वावर. त्यामुळे घरात तो अगदी कानाशी झाल्यासारखा यायचा.

पोळ्याच्या सुमारास मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे तिचे राहिले. बायको गावातच अंगणवाडी चालवते, तिला दुपारपर्यंत सुटका नसते, म्हणून मी महिनाभर रजा टाकून मायच्या खाटेपाशी बसायला लागलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. मी पेपर तपासत बसलो होतो. दुपारी नाल्यापलीकडून बार झाला आणि मायचा डावा हात गोधडीवरून एकदम उचलला गेला. मग तो गोधडीवर आपटायला लागला, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. डोळे दाराकडे लागलेले. मी घाबरलो. पेपर टाकून तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "काही नाही माय, बाबा हायेत. डुकरं हाकलून राह्यले." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत चक्क राग होता. हा राग बाबांवरचा आहे, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. नंतर तर मी शहाणा झालो. बाराचा सुमार आला की आधीच तिचा हात धरून बसायचो. बार व्हायचा, हात माझ्या मुठीत धडपडायचा, मी तो दाबून ठेवायचो. आपण मायची किती काळजी घेतो, असं मला तेव्हा वाटत असे.

बायकोनं एकदाच सांगितलं. सुट्टीच्या दिवशी ती घरी होती, तिनं तो हात पाहिला आणि संध्याकाळी म्हणाली, "मले नाही वाटत त्या भेतात. भेलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. त्या काहीतरी सांगून राह्यल्या."

"तू डॉक्टर हायेस का?" मी म्हणालो.

ती डॉक्टर नव्हती. मीही नव्हतो, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मास्तराला एखादी गोष्ट खटकली की तो तिचा अभ्यास करतो. मी मोबाइलवर शोधायला बसलो. परदेशात अशा छोट्या रायफलीच्या नळीपुढे लावायला सायलेन्सर मिळतात, उघड्या दुकानात मिळतात, हे पाहून मी थक्क झालो. दाढीवाले गृहस्थ टेबलावर आठ-आठ नळकांडी मांडून त्यांच्या गुणावगुणांवर बोलत होते. पोलाद टिकाऊ पण जड, नळीचं तोंड खाली ओढतं. ॲल्युमिनियम हलकं पण लवकर झिजतं. टायटॅनियम दोन्हींत बरं. आणि या बारक्या काडतुसाचं शिसं उघडं असतं, त्याची काजळी आत थरावर थर बसते, म्हणून उघडून साफ करता येणारंच घ्या, नाहीतर दोन-तीन वर्षांत चोंदून जाईल. मी वहीत रकाने आखले. टिकाऊपणा, आवाज, वजन, सफाई. रजा संपल्यावर सकाळी शेजारीण मायपाशी बसायची आणि मी सकाळपाळीची शाळा आटोपून बाराच्या आत घरी यायचो; नववीच्या पोरांना धातूंचे गुणधर्म शिकवतानाही माझ्या मनात ही नळकांडी असायची. माय खाटेवर, बाबा वावरात आणि मी टायटॅनियममध्ये, असे ते दिवस गेले.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी अकोल्याला बंदुकीच्या दुकानात गेलो. बाबांची काडतुसं तिथूनच यायची. म्हातारा दुकानदार चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होता. मी वही उघडली आणि टिकाऊ, शांत, साफ करता येणारा, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पेपराची घडी घातली आणि विचारलं, "काय शिकवता गुरुजी?"

"विज्ञान."

"मग थोडा कायदाही वाचा. ही चीज आपल्याकडं ठेवायला बंदी आहे. वडिलांचं लायसन जाईल, तुमची नोकरी जाईल, अन् हे नाव काढलं म्हणून उद्या माझ्या दारात बी पोलीस येईल. वही मिटा आधी."

मी वही मिटली. त्यानं चहा मागवला. "पण आवाज एवढा नकोसा कोणाला झाला?" त्यानं विचारलं. मी मायचं सांगितलं. तो म्हणाला, "मग मशीन कशाला पाहिजे? बापाले सांगा की."

सोपं होतं. मी बाबांना सांगितलं. ते ओसरीवर पाय धूत होते. मी म्हणालो, "बाबा, दुपारचा बार बंद करा. माय दचकते. रोज तिचा हात उडते."

बाबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "दचकते?" त्यांनी विचारलं.

"रोज. मी सोता पायतो."

बार होताना बाबा नेहमी वावरात असायचे, त्यामुळे मायचा हात त्यांनी कधीच पाहिला नव्हता. आणि बार का होतो हे मी कधी विचारलं नव्हतं. भर दुपारी, उन्हाच्या तोंडी, कोणतं डुक्कर हरभऱ्यात शिरतं? शाळेतल्या पोरानं असलं निरीक्षण चुकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बाबा तांब्या खाली ठेवत एवढंच म्हणाले, "मले वाटलं, तिले आइकू येत असन तं बरं वाटत असन." मी ते कानाआड केलं.

दुपारचा बार बंद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात निवडणूक लागली. निवडणुकीत लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा नेहमी कुरकुरत जमा करायचे आणि निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी पावती घेऊन ठाण्याच्या दारात उभे असायचे. या वेळी ते गेले नाहीत. मीच म्हणालो होतो, राहू द्या तिथं. वावराभोवती तार ओढून मी झटका मशीन बसवून दिली. ती वर सौर पाटी असलेली पेटी टिक टिक करत राहते, डुक्कर तारेला शिवलं की झटका खाऊन मागं फिरतं. ना आवाज, ना काजळी. शिक्षकांच्या खोलीत मी ते कौतुकानं सांगितलं. दुपारी आता मायचा हात हलत नव्हता. बायकोला मी म्हणालो, "पाह्य, किती शांत झाली."

ती शांत झाली होती खरी. पहिले काही दिवस बाराच्या सुमाराला मान कलती करून दाराकडे कान लावून पडायची. बाबा अचानक दारात उभे राहिले की तिचा चेहरा गोंधळायचा. मग तिनं दाराकडे पाहणं सोडलं. पूर्वी बाबा जेवायला बसले की त्यांच्या ताटातली दुधात कुस्करलेली भाकर ती चार घास खायची. आता दुसऱ्याच घासाला तोंड मिटायला लागली. बाबा घास घेऊन बसून राहायचे. "आपल्यावर रागावली तुही माय," ते मला म्हणाले, "इतके दिवस भेव दाखवलं ना मी."

हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा ती गेली. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, लकव्याचा दुसरा घाला. लोकांना मीही तेच सांगतो, आणि ते खोटं नाही.

मायसाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी बायको मायची गोधडी उन्हात घालत होती. बाबा आणि मी ओसरीवर बसलो होतो. बारा वाजत आले होते. बाबा वावरात गेले नव्हते. नाल्याकडे पाहत ते आपणहून बोलायला लागले.

"तू व्हस्टेलात होता, तुले नाही माहीत. फौजेतून आलो तई मले गरम भाकरीची लय हौस. अठरा वर्सं थंडं खाल्लं. तिनं म्हटलं, तुमी कई येता ते समजलं तं मी तवा ठेवीन. तई फोन कुठं होते? मी म्हटलं, निघालो का एक बार टाकीन. बार झाला का तुही माय पीठ घ्याची. नाला वलांडून येईलोक पहिली भाकर तयार. फोन आले तरी आमी तेच ठेवलं. लायसनच्या कोट्यातले काडतुसं सारे भाकरीतच गेले, डुकराले काय उरते?" ते थोडं हसले. "लकवा झाल्यावर मालूम होतं का तिच्यानं भाकर होत नाही. तरी टाकत राह्यलो. म्हटलं, समजू दे तिले, मी निघालो म्हणून."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. बाबांना कधीच कळलं नसतं. पण बायको तारेजवळ गोधडी हातात धरून थांबली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"बाबा," मी म्हणालो, "मायचा हात... तो नुसता उडत नव्हता."

"मंग?"

मी डावा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि रोज पाहिलं होतं तसं केलं. तळवा पसरून थापटायचा, बोटं जराशी वळवायची, पुन्हा थापटायचा. तिसऱ्यांदा थापटताना माझं मलाच दिसलं. एका हातानं, गोधडीवर, ती भाकर थापत होती. बोटं वळत होती ती भाकर फिरवायला. दिवसभरात तिच्याकडे एवढंच एक काम उरलं होतं आणि ते करताना मी रोज तिचा हात धरून ठेवला. मग ज्या आवाजावर ती ते करायची तो आवाजच मी घरातून घालवला, आणि वर तिला शांत झाली म्हणालो.

मला वाटलं, आता बाबा शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. बायकोनं गोधडी तारेवर टाकली आणि आत गेली.

बंदूक अजून ठाण्यातच आहे. कागद पाठवून पोलिसांनी दोनदा विचारलं, बाबा म्हणाले, राहू दे. वावरात झटका मशीन चालू असते. टिकाऊ निघाली.

त्या दुपारी मात्र बाबा बराच वेळ माझ्या मांडीकडे पाहत बसले होते. मग खुर्ची ओढून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अजून एकदा करून दाखव."

मी करून दाखवलं.

"फिरवे बी?"

"हो," मी म्हणालो. "फिरवत बी होती."