जॉर्जियातल्या हॉस्टेलला मी दिलेला एक तारा

जॉर्जियाच्या डोंगरात चांगलं चाललेलं एक हॉस्टेल मी नागपुरात, आमच्या हॉलमधल्या दिवाणावर बसून, जवळजवळ बंद पाडलं. त्यासाठी मला पासपोर्टसुद्धा लागला नाही.

सुरुवात मुलीने केली. प्रज्ञा आमची एकुलती एक. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी जॉर्जियाले चालली. एकटी. तिथं एका हॉस्टेलात व्हॉलंटियर म्हणून राहीन."

"अमेरिकेत?"

"तो जॉर्जिया वेगळा. हा रशियाच्या खाली आहे."

(खाली! जणू काही बर्डीच्या बाजारात पोहे खायला चालली होती!)

तरी हॉस्टेल म्हटल्यावर मला जरा धीर आला. आपल्याला ठाऊक असलेलं हॉस्टेल म्हणजे रेक्टर मॅडम, दिवेलागणीला बंद होणारं फाटक आणि मेसची पातळ डाळ. मी म्हटलं, "रेक्टरचा नंबर देऊन ठेव."

"बाबा, तिथं रेक्टर नसते. फिरायला आलेले लोक राहतात. मी खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, त्याबदल्यात राहणं-खाणं फुकट."

शोभा, म्हणजे माझी बायको, पोळी लाटता लाटता थांबली. "घरी कधी एका चादरीची घडी केली नाही. तिकडे लोकाइच्या चादरी काहून बदलून राहिली वं?"

"आई, त्याले अनुभव म्हणतात."

"मंग इथंच घे ना अनुभव. माळ्यावर गाद्या पडल्या आहेत."

पण गेली. पोचल्यावर व्हिडिओ कॉल केला. खोली छान होती, खिडकीत बर्फाचा डोंगर होता आणि प्रज्ञाच्या मागून टॉवेल गुंडाळलेला एक दाढीवाला माणूस शिट्टी वाजवत गेला.

"हा कोण वं?" मी ओरडलो.

"तो? तो माझ्या खाली झोपतो."

माझ्या हातातला चहा बनियनवर सांडला.

"खालच्या पलंगावर, बाबा! दुमजली पलंग आहेत!"

त्या दिवसापासून माझी झोप गेली. शोभा मात्र शांत. मी हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. कुठल्याही मशीनचा आवाज बदलला की मला लगेच कळायचं. निवृत्त झाल्यावर ऐकायला मशीन उरली नाही, म्हणून मी मुलीच्या आवाजाकडे लक्ष देत बसायचो. "आज आवाज बारीक होता," मी म्हणायचो. "तुमचे कान तपासून घ्या," शोभा म्हणायची.

आणि एके दिवशी आवाजच बंद झाला. सकाळी फोन लावला, बंद. दुपारी लावला, बंद. मेसेजला एकच बारीक खूण. दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलचा नंबर इंटरनेटवरून शोधला आणि लावला. एका बाईने उचलला.

"प्रज्ञा! माय डॉटर!" मी म्हटलं.

"आ, प्रज्ञा!" बाईचा आवाज एकदम दुःखी झाला. "प्रज्ञा… बकेट. वॉटर. प्रज्ञा फिनिश."

"व्हॉट फिनिश?"

"फिनिश, फिनिश! सॉरी, सॉरी." आणि फोन कट! परत लावला तर एंगेज.

मी शोभाला सगळं सांगितलं. तिचाही चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "तिले इंग्रजी येत नसंल. जरा थांबा."

थांबणं हा माझा स्वभाव नाही. मी शेजारच्या वानखेडेभाऊंकडे धावलो. वानखेडेभाऊ म्हणजे आमच्या कॉलनीतले सर्वज्ञ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोट वर केलं. "मेश्रामभाऊ, आमचा फ्रिज बिघडला होता. कंपनीवाला फोनच उचलत नव्हता. मी इंटरनेटवर कंपनीले पाचापैकी एकच तारा देला आन् चार ओळी लिहिल्या. माणूस पळत आला! तुम्ही तेच करा. हॉस्टेलाले एक तारा द्या."

कारखान्यात मी आयुष्यभर लेखी तक्रारीच केल्या होत्या. हात शिवशिवत होते. नकाशावर हॉस्टेल काढलं, एक तारा दाबला आणि इंग्रजीत लिहिलं: माझी मुलगी या हॉस्टेलात हरवली आहे. मालकीण म्हणते, ती संपली. बादलीत पाहावे. कोणीही इथे राहू नये.

सोबत प्रज्ञाचा फोटो टाकावा, कोणी ओळखेल म्हणून, असं वाटलं. चष्मा टीव्हीवर राहिला होता. फोटो गेला. तो प्रज्ञाचा नव्हता. आदल्या रविवारी मी केलेल्या सावजी मटणाच्या पातेल्याचा होता. लाल तर्रीसकट!

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून कॉल आला. पडद्यावर प्रज्ञा! उन्हाने नाक लाल झालेलं, पण धडधाकट. शोभा रडायलाच लागली. मीही डोळे पुसत म्हटलं, "पोरी, तू जिवंत आहेस!"

"मी आहे! पण तुम्ही नानाले मारून टाकलं, बाबा!"

"कोण नाना?"

"मालकीण!"

(बाईचं नाव नाना! त्या देशात बायकांचं नाव नाना असतं म्हणे. असो.)

झालं होतं एवढंच. फरशी पुसताना प्रज्ञाचा फोन बादलीत पडला. फोन फिनिश, प्रज्ञा नव्हे. तिने तो तांदळात खुपसून ठेवला, घरून फोन आला तर कळवायला नानाला सांगितलं आणि पाहुण्यांबरोबर डोंगरावर निघून गेली. बापाचा नंबर पाठ नव्हता, नाहीतर कोणाच्या तरी फोनवरून केला असता म्हणे. परत आल्यावर तो नानाच्या फोनवर सापडला.

"बाबा, येणाऱ्या पाहुण्यांनी बुकिंग रद्द करायला सुरुवात केली आहे. एकाने तर नानाले विचारलं, रश्श्यात काय घालता? तिचा नवरा वारला, घर गहाण ठेवून हॉस्टेल काढलं तिनं. इथं बर्फ पडला की सगळं बंद. त्याच्या आधीच काय ते कमवायचं. मले एका शब्दानं बोलली नाही. मी आल्यापासून नुसती भांडी घासून राहिली. घासलेलीच!"

मला भिंतीत शिरून जावंसं वाटलं. लिहिलेलं पुसायला गेलो, तर चार अक्षरं पुसली जायची आणि खाली दोन नव्या खिडक्या उघडायच्या. प्रज्ञाने तिकडून समजावलं, पण तेवढ्यात तिच्या त्या उसन्या फोनची बॅटरी गेली. मी पुन्हा वानखेडेभाऊंकडे!

"काही टेन्शन नाही," भाऊ म्हणाले. "एक तारा वाईट, तं पाच तारे चांगले. सगळ्या कॉलनीले लावतो कामाले."

त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर आवाहन टाकलं. आमची माणसं दिलदार. कोणी कारण विचारलं नाही. अर्ध्या तासात त्या डोंगरातल्या हॉस्टेलवर नागपूरकरांनी ताऱ्यांचा पाऊस पाडला. गजभियेकाकांनी लिहिलं, "मालक नानासाहेब अतिशय सज्जन गृहस्थ." कोणी लिहिलं, "पार्किंग ऐसपैस, लग्नकार्यासाठी उत्तम." वानखेडेवहिनींनी लिहिलं, "सावजी मटण तिथल्यासारखं कुठेच नाही!" आणि कामठीच्या माझ्या साळ्याने लिहिलं, "बसस्टँडवरून शेअर ऑटो मिळते."

मी समाधानाने वाचत बसलो होतो. तोच हॉस्टेलच्या पानावर पट्टी झळकली: संशयास्पद हालचालींमुळे या ठिकाणाबद्दल अभिप्राय घेणे तूर्त थांबवले आहे.

दुसऱ्या सकाळी प्रज्ञाचा कॉल आला. ती चिडली आहे हे ओळखायला मशीनवाला कान लागला नाही. "बाबा, हात बांधून बसा. वानखेडेकाकाचेही बांधा. आता मी सांगीन तेवढंच दाबायचं."

तिने एकेक बटण सांगितलं, मी एकेक दाबलं आणि माझी तक्रार एकदाची पातेल्यासकट नाहीशी झाली. मग ती म्हणाली, "नाना समोर आहे. बोला."

पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई आली. मी हात जोडले. पाठ केलेलं इंग्रजी विसरलो. शेवटी मराठीतच म्हटलं, "ताई, माझं चुकलं. मी घाबरलो होतो."

प्रज्ञाने तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. नाना बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. प्रज्ञाचा चेहरा मऊ झाला.

"ती म्हणते, तिचा मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो. आठ-आठ दिवस फोन करत नाही. तिले तारे द्यायचं जमत असतं तं तिनं आख्ख्या पोलंडले एक तारा देला असता."

शोभा पदर तोंडाला लावून हसली. नानाही हसली. मग दोघी माझ्याकडे बघून हसल्या. एकमेकींच्या भाषेचा एक शब्द कळत नसताना बायकांना नवऱ्याबद्दल सगळं कसं कळतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पानावरचे अभिप्राय आठवड्याभराने पुन्हा सुरू झाले. काही पाहुणे परत फिरले ते फिरलेच, पण काही तर मुद्दाम आले, बादली बघायला! प्रज्ञाने राहायचं ठरवलं होतं त्याहून जास्त दिवस तिथे राहून नानाला हातभार लावला. निघायच्या दिवशी नाना तिला बसपर्यंत सोडायला आली आणि बस हलेपर्यंत खिडकीला हात लावून उभी होती.

आता प्रज्ञा पुढच्या देशात पोचली आहे. तिथेही हॉस्टेल, तिथेही चादरी. मी हॉस्टेलचं नाव विचारतो. ती म्हणते, "बाबा, नाव पाठवलं असतं, पण इथं इंटरनेटच नाही."

रोज व्हिडिओ कॉलवर सांगते!