उजव्या गालातली कळ

नागपूरच्या डॉक्टरांनी कापसाचा धागा माझ्या उजव्या गालाला नुसता टेकवला आणि मी खुर्चीवरून उडालेच. कळ ओसरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "बाई, याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस असते, तिचं हे दुखणं. दातांचा काही संबंध नाही."

हसावं की रडावं कळेना. तोवर माझ्या तीन दाढा काढून झाल्या होत्या. तिन्ही चांगल्या.

त्याआधी दोन वर्षं, आमच्या देवळी गावात, थंडीत तोंड धुताना गालातून वीज गेल्यासारखं झालं. अर्ध्या मिनिटात थांबलं. मग चूळ भरताना, वारा लागला की, पुढे पुढे बोलतानाही. मी मुलींच्या शाळेत शिकवते. न बोलून कसं चालेल?

वर्ध्याला दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. कळ तशीच. "शेजारची असेल," म्हणून दुसरी, मग तिसरी. चौथ्यांदा गेले तर ते माझ्यावरच चिडले.

लोकांचा ताप वेगळाच. सूज नाही, जखम नाही, दोन कळांच्या मधे माणूस धडधाकट. सासूबाई म्हणायच्या, "आत्ता तं हासून राह्यली होती, आन् आता काऊन गाल धरून बसली? काम दिसलं का दुखते तुले." शेजारणींनी लवंग सुचवली, हिंग सुचवला, मंतरलेला दोराही आणला. मी प्रत्येकीला समजावून सांगायची, आणि सांगतानाच कळ यायची. तेही नाटकच ठरायचं.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. कविता शिकवताना मी शब्दाच्या मधेच थांबले आणि गाल धरून भिंतीकडे वळले. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "शिकवणं जमत नसेल तर घरी बसा. पाहुण्यांसमोर हे असलं नको."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, बोलले नाही. नवऱ्याला माझं दुखणं कधीच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "मले तं काई समजत नाई. पण उद्या नागपूरले जाऊ." समजत नसतानाही तो निघाला, याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी नसेत अल्कोहोलचं इंजेक्शन दिलं, म्हणजे ती नस बधिर केली. सुई गालातून आत जाताना काय झालं ते लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गार पाण्याने तोंड धुतलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा धुतलं.

"हे कायमचं नाही," डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "वर्ष, दीड वर्ष. पुन्हा दुखेल तेव्हा या."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, एका सुईनं गेलं ना? उगाच दोन वर्सं रडली." बधिर ओठाला भाताचं शीत चिकटलं तरी मला कळायचं नाही. तर म्हणाल्या, "धड जेवता येत नाई का तुले?"

दीड वर्षही झालं नाही तोच कळ परतली. मी पुन्हा नागपूरला जाऊन आले. पण त्यानंतर कुणाला समजावत बसले नाही. तुम्हालाही असं न दिसणारं दुखणं असेल, तर सांगते: डॉक्टर गाठण्यासाठी ताकद राखून ठेवा. लोकांना पटवण्यात ती फार खर्च होते.

मागच्या शुक्रवारी बाजारात वांगी विकणारी एक बाई बोलता बोलता एकदम थांबली. डोळे मिटले, पदर गालावर घट्ट धरला. एक गिऱ्हाईक ओरडलं, "काऊन वं, मुकी झाली का?"

मी त्याला हातानेच थांबवलं आणि तिच्या टोपल्यापाशी बसले. काही विचारलं नाही. तिचे डोळे उघडल्यावर म्हटलं, "वारा लागला का येते ना?"

तिने गालावरचा पदर खाली घेतला. "तुमाले कसं समजलं? दोन दाढा काढल्या, बाई. घरचे म्हणते, सोंग करते."

"तिसरी काढू देऊ नको. आधी माझ्यासोबत नागपूरले चाल."

मग आम्ही दोघी भराभर बोलत सुटलो, तिला पुढची कळ यायच्या आत.